साठ ते सत्तर

८ जानेवारी

ग्रंथपालबाई,

नमस्कार. तुमचं चार ओळींचं पत्र काल मिळालं. त्या चार ओळी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही, हसाल.

तुमच्या तिन्ही अटी मान्य. फोन करणार नाही, कारण तो बहुतेक वेळा तुमच्या आई उचलतात. पत्र घरी पाठवणार नाही, ग्रंथालयाच्या पत्त्यावरच पाठवीन. आणि आईंना काहीही कळू देणार नाही. गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, कसलाही धक्का बसू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय. हे वाचल्यावर वाटलं, तुमच्या जागी मी असतो तर याहून कडक अटी घातल्या असत्या.

पण ‘तुमची काहीतरी चूक होत असेल’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावर बोलायला हवं. माझ्या लेकीने ती डीएनए चाचणीची पेटी आणली, मी नळीत थुंकलो आणि विसरून गेलो. तुम्हालाही लेकीनेच वाढदिवसाला ती दिली म्हणता. दोघींना एकत्र बसवून ओरडायला हवं. मग जुळणाऱ्या माणसांची यादी आली. तुमच्याशी माझी जुळणी पंचवीस टक्के. एवढी जुळणी आजीशी, आत्या-मावशीशी नाहीतर सावत्र बहिणीशी होते, आणि तुम्ही तर माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आता आपल्यात सामाईक कोण, आई की वडील? त्याच यादीत तुमचे चुलतभाऊ आहेत, तुमच्या वडिलांच्या सख्ख्या भावाचे चिरंजीव. ते तुमच्याशी जुळतात, माझ्याशी शून्य. म्हणजे तुमच्या वडिलांकडून माझं कुणीच नाही. उरली आई. हे मी कामाच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला पाच वेळा मांडून पाहिलं. दर वेळी तेच निघतं.

ज्या संस्थेतून मला दत्तक घेतलं तिथला एकच कागद माझ्याकडे आहे. जन्म नोव्हेंबर, अडुसष्ट साल. आईच्या रकान्यात लिहिलंय, ‘बाळंतपणात मृत’. ज्यांनी मला वाढवलं त्यांनी मायेत कणभर कमी केलं नाही, देव त्यांचं भलं करो, दोघेही आता नाहीत. पण वाढदिवस मी कधी करू दिला नाही. मी जन्मलो आणि ती गेली, त्यात केक कसला कापायचा?

तुमच्या पत्रात साधं वाक्य आहे, ‘फोन आई उचलते.’ कागदावर मेलेली बाई फोन उचलते.

मला फक्त घराण्यातले आजार कळले तर हवेत. रक्तदाब, मधुमेह, असंच. त्यापलीकडे काही नको.

आपला,
कवळ्या करणारा माणूस


२० जानेवारी

ताई,

लहान असलात तरी ताईच लिहितो. अनोळखी बाईला दुसरं काय म्हणायचं ते मला कधीच सुचत नाही.

आजारांची यादी मिळाली. इतकी नीट, अनुक्रमांक घालून! ग्रंथपालाला शोभेल अशी. आभार. आणि आता एक कबुली. ती यादी मी अजून धड वाचलेली नाही. मला आजारांशी काही देणंघेणं नव्हतं. काहीतरी मागायला हवं म्हणून मागितलं.

मी वाचलं ते शेवटचं, तुम्ही सहज लिहिलेलं. आईंची कवळी सैल झालीये, बोलताना खाली पडते, त्या आता दुधात भिजवलेल्या पावावरच आहेत, चार महिन्यांत आठ किलो उतरल्या. दवाखान्याचे जिने त्यांना चढवत नाहीत आणि घरी यायला कुणी तयार नाही.

ताई, मी तेहेतीस वर्षं दुसरं काहीही केलेलं नाही. दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर कवळ्या करतो, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी बॅग घेऊन जातो. या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या हसण्याला मी जबाबदार आहे. आणि माझीच आई दोन तासांच्या अंतरावर भिजवलेला पाव खाते, हे मला सहन होत नाही. ‘माझीच आई’ हे शब्द खोडणार होतो. राहू देतो, पत्र तुमच्याशिवाय कोण वाचणार आहे?

मला दातवाला म्हणून येऊ द्या. फक्त दातवाला. तोंडावर मास्क असतो, तो काढणार नाही. त्यांना मावशी म्हणेन, त्या वयाच्या सगळ्या पेशंटना मी मावशीच म्हणतो. तुमच्या डोळ्यांसमोर काम करीन. जरा वेडंवाकडं वाटलं तर नुसती खोकलात तरी बॅग उचलीन.

विचार करा. घाई नाही. (घाई आहे. रोज पोस्टमनच्या वेळेला मी उगीच दारात उभा असतो, आणि तो माणूस आता मला पाहून लांबूनच नकारार्थी मान हलवतो.)

कवळीवाला


४ फेब्रुवारी

ताई,

काल तुमच्याकडून निघालो तो बस चुकवून तासभर थांब्यावर बसलो. तुमच्या फरशीवर मापाच्या लगद्याचा वाडगा पडला त्याची माफी मागतो. तेहेतीस वर्षांत माझ्या हातून वाडगा पडलेला नाही. तुम्ही पटकन ‘हातच ओला होता त्यांचा’ म्हणालात, बरं केलंत.

काम सांगतो. वरचं माप उत्तम आलंय. खालची हिरडी पार झिजलीये, तिथे कष्ट आहेत, पण होईल.

बाकीचं सांगू? माप घट्ट होईपर्यंत दोन मिनिटं हनुवटी धरून ठेवावी लागते. रोज कुणाची ना कुणाची धरतो. काल ती दोन मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो, कारण खाली बघितलं असतं तर तुम्हाला खोकावं लागलं असतं. त्यांची हनुवटी ऊबदार आहे. ज्या बाईला मी आयुष्यभर मेलेली समजत होतो तिची हनुवटी ऊबदार आहे, ताई.

दार उघडताना तुम्ही हसलात. पुढच्या दोन दातांत फट! मी मास्कच्या आत चपापलो. माझ्याही आहे, तितकीच. दात बनवणाऱ्याच्याच दातांत फट, म्हणून लोक माझी चेष्टा करतात. यापुढे मास्क अजिबात काढणार नाही.

आता दुसरी कबुली, आणि ही वाईट आहे. ‘पत्ता सापडायला त्रास झाला नाही ना?’ असं तुम्ही विचारलंत, मी नाही म्हणालो. कसा होईल? तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ग्रंथालयाजवळ चौकशी करून, मी येऊन गेलो होतो. समोर चपला शिवणाऱ्याचं दुकान आहे ना, तिथे धडधाकट बुटाला टाके घालायला देऊन दीड तास बसलो. आई गॅलरीत आल्या, दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, एक चिमटा खाली पडला. तो मी उचलून तुमच्या जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि पळ काढला. अट मोडली नाही, पण मोडण्याच्या काठावर जाऊन आलो. रागावायचं तर रागवा. लपवून ठेवलं असतं तर पुढच्या खेपेला तुमच्याकडे बघता आलं नसतं.

सतराला, बुधवारी, येऊ ना?

दातवाला
(हे नाव त्यांनी ठेवलं. ‘दातवाले आले का गं?’ असं त्या आतून म्हणाल्या, ते मी दाराबाहेर ऐकलं.)


१८ फेब्रुवारी

ताई,

कालच्या भेटीबद्दल तुमचं काय मत झालं ते लवकर कळवा. माझं डोकं चालत नाही.

साठ ते सत्तर का म्हणायला लावतो ते आधी सांगतो, म्हणजे मी मुद्दाम काही केलं असं वाटणार नाही. कवळीची उंची बरोबर आहे का ते बोलण्यावरून कळतं. मेणाच्या पट्ट्या तोंडात बसवायच्या आणि साठ ते सत्तर म्हणायला सांगायचं. त्या आकड्यांत स आणि ष खच्चून भरलेत. दात केसभर उंच झाले की शिट्टी वाजते नाहीतर खडखड होते. हे मी प्रत्येकाला म्हणायला लावतो. पहिल्या दिवसापासून.

त्यांनी सुरू केलं. साठ, एकसष्ट, बासष्ट, छान चाललं होतं. सहासष्ट, सदुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर.

तुम्ही हसलात. “आई, एक राहिला की.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, “मावशी, परत एकदा म्हणता का? जरा सावकाश.” परत सुरू झालं. सदुसष्टला किंचित थांबल्या, माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलं, आणि एकोणसत्तर.

वय झालं की आकडे निसटतात, असं तुम्ही मला जिन्यात म्हणालात. असेल. मी हो हो म्हणालो. पण ताई, निसटायला अकरा आकडे होते. दोन्ही वेळा तोच का निसटावा? आणि संस्थेच्या कागदावरचं साल तुम्हाला मी पहिल्याच पत्रात लिहिलंय.

त्यानंतरचं तुम्ही ऐकलं नाहीत, चहाकडे गेला होतात. मी दातांचा रंग दाखवत होतो. त्या म्हणाल्या, “जुन्या कवळीत दात अगदी शिस्तीत उभे केले होते. मी नव्हते तशी. माझ्या पुढच्या दातांत फट होती. ती ठेवता येईल का?”

येईल म्हणालो. माप विचारायची गरजच नव्हती, ते मला रोज आरशात दिसतं.

त्यांना काय सांगितलं गेलं होतं? मूल गेलं म्हणून? की त्यांनीच मला तिथे ठेवलं, आणि मग कुणीतरी कागदावर ‘मृत’ लिहून सगळं मिटवून टाकलं? पहिलं असेल तर मी त्यांच्यासमोर उभं राहणं हाच धक्का आहे. दुसरं असेल तर मी तिथे नको आहे. दोन्हीकडून मी घाबरलेलो आहे. तुम्हाला काही आठवतं का? कधी काही बोलल्या होत्या का?

दातवाला


११ मार्च

ताई,

तुमचं उत्तर खिशात घेऊन फिरतोय. तुम्ही सात वर्षांच्या असताना मोठं, हवेशीर घर मिळत होतं, वडिलांना पसंत होतं, आणि दारावरचा अडुसष्ट नंबर बघून आई उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. वडील जन्मभर त्यावरून चिडवत राहिले. हे तुम्हाला इतक्या वर्षांनी आठवलं, आणि तरीही तुम्ही लिहिता, ‘म्हणूनच तिला कळता कामा नये. जे तिने इतकं दाबून ठेवलंय ते वर आलं तर ती वाचणार नाही.’

तुमचं खरं असेल. मला माहीत नाही. मला फक्त पुन्हा पुन्हा यायचं होतं. आता जे सांगतो त्यानंतर बहुधा तुम्ही येऊ देणार नाही.

तीन मार्चला कवळी बसवली. सुंदर बसली. त्यांनी सफरचंदाची फोड खाल्ली, करकर आवाज आला, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही मला ‘जादूगार आहात’ म्हणालात. मी जादूगार नाही, लबाड आहे. खाली उजवीकडे आतल्या बाजूला एक उंचवटा मी घासलाच नव्हता. मला तो दिसला होता. बोटाला लागला होता. विद्यार्थीसुद्धा तो ठेवणार नाही. मी ठेवला, कारण तो टोचला की तुम्ही मला बोलवाल.

तुम्ही काल बोलावलंत. हिरडीवर मसुराएवढी लाल जखम होती. आठ दिवस त्या ती घेऊन जेवल्या आणि तुम्हाला त्यांनी सहाव्या दिवशी सांगितलं. मी टॉर्च धरून ती जखम बघितली, ताई, आणि मला स्वतःची शिसारी आली. आयुष्यात पहिल्यांदा आईला काही दिलं, तर ते हे.

काल उंचवटा घासून काढला. नंतर आतून पांढरी पेस्ट लावून तपासलं. ही पेस्ट खोटं बोलत नाही. कवळी जिथे दाबते तिथली पेस्ट पुसली जाते आणि खालचा गुलाबी रंग दिसतो. काल एक ठिपकाही उरला नाही. काम पूर्ण झालं.

तीन तारखेची आणखी एक चूक. ‘म’ म्हणताना ओठ कसे मिटायचे ते त्यांना जमेना, म्हणून मी दाखवायला मास्क खाली घेतला. क्षणभरच. तुम्ही पाठमोऱ्या होतात. त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही. ‘म’ मात्र लगेच जमला.

आता मला यायचं काही कारण उरलेलं नाही. तुम्हाला सगळं सांगून टाकलं. शिव्या द्या, मी ऐकून घेईन.

दातवाला


२५ मार्च

धाकटे,

तू चिडलीस तर हा शब्द खोड. पण आधी पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं होतं. ‘तुम्ही माझ्या आईला जाणूनबुजून दुखावलंत. पुन्हा येऊ नका.’ बरोबर होतं. मी ते घडी करून माझ्या कागदांत ठेवलं आणि कामाला लागलो. दोन दिवस सगळ्यांचे दात वाकडे लावत होतो.

मग आठवड्याभरात तुझं दुसरं पत्र. आई जेवत नाही, कवळी दुखते म्हणते, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही म्हणते, दातवाल्यांनाच बोलवा. तू खाली लिहिलंस, ‘आता काय ठेवलंत आत?’

काही ठेवलं नव्हतं. शपथेवर. तरी बसमध्ये दोन तास तेच डोक्यात होतं. वाटत होतं, इतका बारीक बघणारा मी, आणि खरोखरच काही राहिलं असेल तर? मला स्वतःचाच भरवसा उरला नव्हता.

तू दार उघडलंस तेव्हा हसली नाहीस. माझ्या बोटांवर नजर ठेवून उभी राहिलीस. मी पेस्ट लावली, त्यांना चावायला लावलं, कवळी बाहेर काढली. पेस्ट सगळीकडे सारखी, पांढरीशुभ्र. कुठेही दाबत नव्हती. पुन्हा लावली, पुन्हा तेच. जखमही भरून आलेली. तेवढ्यात त्या तुला म्हणाल्या, “अगं, कापूस संपलाय, जरा घेऊन ये खालून.” तू म्हणालीस, कपाटात आहे. त्या म्हणाल्या, “तो नको. नवा आण.” तू माझ्याकडे एकदा रोखून बघितलंस आणि गेलीस. तू परत येईपर्यंत जे झालं ते आता लिहितो. यात एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मी म्हणालो, “मावशी, कवळी तर कुठेच लागत नाही. नक्की कुठे दुखतं?”

त्यांनी माझं बोट धरून खाली उजवीकडे ठेवलं. तिथे काहीही नव्हतं.

“इथे?”

“हो.”

मग मी जे प्रत्येक पेशंटला विचारतो ते विचारलं. सवयीने विचारलं गं, दुसरा काही हेतू नव्हता. “कधीपासून दुखतंय?”

“अडुसष्टपासून,” त्या म्हणाल्या.

स्वच्छ म्हणाल्या. ना शिट्टी, ना खडखड.

मी तुला दिलेला शब्द दातांखाली धरून बसलो. मला एवढंच दिसत होतं की आता त्यांच्या छातीत कळ येणार आणि ती मी आणलेली असणार. मी त्यांची नाडी धरली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि माझा मास्क खाली ओढला. पुढच्या दातांकडे बघितलं. स्वतःच्या नव्या कवळीवरून जीभ फिरवली, त्या फटीपाशी थांबली.

“मला म्हणाले, मूल रडलंच नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी ऐकलं होतं. भिंतीपलीकडून. सगळे म्हणाले, तापात भास झाला तुला. मग मीही तसंच म्हणायला लागले.”

मी नुसती मान हलवली. तेवढीच हलवली. त्या ‘हो’ला तू शब्द मोडणं म्हणणार असशील तर मी शब्द मोडला.

त्यांना काही झालं नाही. त्यांनी बशीतली सफरचंदाची फोड घेतली आणि चावून चावून संपवली. जिन्यात तुझी पावलं वाजली तशा घाईने म्हणाल्या, “तिला लगेच सांगू नकोस. तिला वाटतं मला धक्का सोसायचा नाही. घाबरट आहे ती लहानपणापासून. सावकाश सांगू.”

म्हणजे बघ, आता मला दोघींनी गप्प बसवलंय. तुझ्या अटीपुरता मी प्रामाणिक राहिलो, त्यांची अट या पत्राने मोडतो आहे. कुणातरी एकीचा शब्द मोडावाच लागणार होता, आणि अठ्ठावन्न वर्षं माझ्यापासून लपवलेल्या गोष्टीनंतर आणखी एक लपवाछपवी करायला माझ्यात आता जोर नाही.

तू कापूस घेऊन आत आलीस. मी मास्क वर केला, बॅग भरली, नेहमीसारखं म्हणालो, “येतो मावशी, पुढच्या बुधवारी एकदा बघून जाईन.” तू सोडायला दारापर्यंत आलीस, म्हणून पुढचं तुझ्या समोरच झालं. आतून त्यांचा आवाज आला आणि तुला वाटलं, म्हातारीचं काहीतरी नेहमीचं कुरकुरणं.

“ये. आणि ते मावशी-मावशी आता पुरे कर.”

तू हसून मला म्हणालीस, “मनावर घेऊ नका हं.”

एकतीसला बुधवार आहे. किती वाजता येऊ ते कळव. आणि दारात त्यांना काय म्हणून हाक मारू, तेही तूच सांग. मला ती हाक कधी मारायला मिळालेली नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला आवाज कापेल. तेव्हा तू शेजारी हवी आहेस.

तुझा दादा